०.१ + ०.२ बरोबर ०.३ का येत नाही? संगणकातल्या दशांश हिशेबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानाचं बिलिंग सांभाळणारे, एक्सेलमध्ये ताळेबंद जुळवणारे आणि नुकतेच पायथन किंवा जावास्क्रिप्ट शिकायला लागलेले, बहुतेक या तिघांकडून हे प्रश्न येतात. पहिले दोन प्रश्न नीट वाचले तर पुढचे निम्मे आपोआप सुटतात. घाई असेल तर सरळ पैशांच्या प्रश्नावर जा.

०.१ + ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं. हा पायथनचा बग आहे का?

नाही. पायथन, जावास्क्रिप्ट, जावा, सी, कशातही करून बघा, आतलं उत्तर हेच असतं. काही ठिकाणी छापताना शेवटचे अंक झाकले जातात, म्हणून ते दिसत नाही एवढंच.

खरं तर इथे बेरीज चुकलेलीच नाही. तुम्ही ०.१ टाइप करता त्याच क्षणी संगणक ०.१ च्या सगळ्यात जवळचा, पण त्याला ठेवता येईल असा आकडा घेतो. तो आकडा पूर्ण लिहायचा तर असा आहे:

०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५

०.२ म्हणून जो ठेवला जातो तो याच्या बरोबर दुप्पट. म्हणजे दोन्ही आकडे मुळात चिमूटभर जास्त. आता ०.३ लिहिलं तर काय ठेवलं जातं? ०.२९९९९९९९९९९९९९९९८८८९..., म्हणजे चिमूटभर कमी. त्याच्या लगेच पुढचा, संगणकाला माहीत असलेला आकडा ०.३०००००००००००००००४४४... या दोघांच्या मध्ये त्याच्याकडे काहीच नाही.

वर दिलेल्या दोन आकड्यांची खरी बेरीज या दोन शेजाऱ्यांच्या बरोब्बर मध्यावर पडते. अशी बरोबरी झाली की ज्याचा शेवटचा बिट (संगणकाचा अंक, ० किंवा १) शून्य असेल तो निवडायचा, असा नियम आहे. इथे तो मान वरच्या शेजाऱ्याला मिळतो. म्हणून ते शेपटीतलं ४.

थोडक्यात, गोंधळ बेरजेत नाही, आकडा आत घेतानाच झालेला आहे.

पण ०.१ सारखा साधा आकडा नेमका ठेवता का येत नाही?

शाळेत खंडित आणि अखंड आवर्ती दशांश शिकलेले आठवतात का? अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप दिल्यावर छेदाचे मूळ अवयव २ आणि ५ सोडून दुसरे नसतील, तर दशांश रूप कुठेतरी संपतं. १/८ म्हणजे ०.१२५, संपलं. १/३ म्हणजे ०.३३३३..., संपतच नाही, कारण ३ हा १० चा अवयव नाही.

संगणक दहाऐवजी दोनच्या पायावर, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहितो; यालाच बायनरी म्हणतात. २ चा मूळ अवयव एकच, तो स्वतः. त्यामुळे तिथे फक्त छेदात २, ४, ८, १६ अशा घातसंख्या असलेले अपूर्णांकच संपतात. १/१० च्या छेदात ५ बसलेला आहे. आपल्याला १/३ जसा कधी संपत नाही, तसा संगणकाला १/१० संपत नाही.

कागदावर करून बघायचं असेल तर रीत सोपी आहे. आकड्याला दोनने गुणायचं, पूर्णांकाचा भाग बाजूला लिहायचा, उरलेल्या दशांशाला परत दोनने गुणायचं.

०.१ × २ = ०.२, लिहा ०
०.२ × २ = ०.४, लिहा ०
०.४ × २ = ०.८, लिहा ०
०.८ × २ = १.६, लिहा १
०.६ × २ = १.२, लिहा १
०.२ × २ = ०.४, लिहा ०

सहाव्या ओळीत आपण परत दुसऱ्या ओळीवर आलो. आता हे चक्र थांबणार नाही: ०.०००११००११००११००११... कुठेतरी कापावंच लागतं, आणि कापलं की आकडा बदलतो.

आपल्या जुन्या पाढ्यांशी मात्र संगणकाचं छान जमतं. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, यातला प्रत्येक अपूर्णांक त्याला तंतोतंत ठेवता येतो, कारण छेद दोन किंवा चार. जुना रुपयाही तसाच: १६ आणे, ६४ पैसे, दोन्ही दोनच्या घातसंख्या. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, रुपयाचे १०० नवे पैसे झाले, आणि संगणकाच्या दृष्टीने पंचाईत झाली. ०.०० ते ०.९९ या शंभर रकमांपैकी आता फक्त चार नेमक्या बसतात: ०.००, ०.२५, ०.५० आणि ०.७५. उरलेल्या शहाण्णव जवळपासच्या. (जुन्या रुपयाच्या १९२ पया मात्र तेव्हाही बसल्या नसत्या, त्यांच्या छेदात ३ आहे.)

कुठे कापायचं हे कोण ठरवतं?

आयईईई ७५४ नावाचं मानक. १९८५ साली आलं, २००८ आणि २०१९ मध्ये सुधारलं. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली तऱ्हा होती, एकाच प्रोग्रॅमचं उत्तर मशीन बदललं की बदलायचं. या मानकामागे सगळ्यात मोठा हात विल्यम काहान यांचा. त्यांना संगणकशास्त्रातला १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ज्याला 'डबल' म्हणतात त्यात ६४ बिट असतात: चिन्हाला १, घातांकाला ११, अंकांना ५२. अंकांचा पहिला १ गृहीत धरलेला असल्यामुळे प्रत्यक्षात ५३ बिट मिळतात. दशांशात सांगायचं तर १५ अंकांपर्यंत निर्धास्त राहा, १७ च्या पुढचे अंक निव्वळ शोभेचे. 'फ्लोट' म्हणजे ३२ बिट, त्यात ७ अंकांच्या आसपासच भरवसा.

दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर तर ०.३ च येतं. तो जास्त हुशार आहे का?

तो दहाच्या पायावर मोजतो. प्रत्येक दशांश अंक वेगळा ठेवायची त्याची पद्धत असते, म्हणून ०.१ त्याला नेमका ठेवता येतो. त्याची गंमत बघायची तर १ भागिले ३ करा आणि येईल त्याला ३ ने गुणा. साध्या कॅल्क्युलेटरवर ०.९९९९९९९ दिसेल. दुखणं तेच, फक्त दुसऱ्या आकड्यांना होतं.

मग संगणकही दहाच्या पायावर का बनवत नाहीत?

बनवलेले आहेत. बँकांमधली कोबॉल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा दशांश अंकांतच हिशेब करते. आयबीएमच्या पॉवर-६ प्रोसेसरमध्ये २००७ पासून दशांश गणिताची सोय थेट हार्डवेअरमध्ये आहे, आणि २००८ च्या आयईईई मानकात दशांश प्रकारही आले. पण दोनच्या पायावरचं सर्किट साधं आणि वेगवान असतं. हवामानाचं मॉडेल, गेममधली चित्रं, पुलावरच्या ताणाचा हिशेब, यात मुळातलं मोजमापच चौथ्या-पाचव्या अंकापुढे खात्रीचं नसतं. तिथे सतराव्या अंकाची फिकीर करणं म्हणजे वाया घालवलेली वीज. अडचण फक्त तिथे येते जिथे माणसांनी दशांशात ठरवलेले आकडे असतात, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा पैशांचा.

एक्सेलमध्ये दोन बाजू जुळलेल्या दिसतात, पण फरकाच्या खान्यात -२.७८ई-१७ असं काहीतरी येतं. हे काय?

कोऱ्या शीटमध्ये =१*(०.५-०.४-०.१) लिहून बघा, तेच येईल. अर्थ असा: उणे २.७८ भागिले एकावर सतरा शून्यं. म्हणजे शून्यच, पण संगणकाच्या लेखी शून्य नाही. त्यामुळे 'फरक शून्य असेल तर ठीक लिही' असं सूत्र लावलं असेल तर तुमचा जुळलेला ताळेबंद न जुळलेला ठरतो.

त्यात एक्सेलचा आगाऊपणा असा की कंस आणि १* काढून नुसतं =०.५-०.४-०.१ लिहिलं, तर तेच एक्सेल साळसूदपणे शून्य दाखवतं. शेवटच्या वजाबाकीचं उत्तर शून्याच्या फार जवळ असेल तर ते शून्य करून टाकायचं, अशी त्याची युक्ती आहे. हेतू चांगला, पण एकच हिशेब दोन तऱ्हेने लिहिला की दोन उत्तरं. माझ्या मते ही मदत नसती तर लोकांना मूळ कारण लवकर कळलं असतं.

उपाय: तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंना किंवा फरकाला राउंड सूत्र लावा, दोन दशांशांपर्यंत. 'प्रिसिजन ॲज डिस्प्लेड' नावाची एक सेटिंग आहे, ती सुचवणारे खूप भेटतील. तिच्या वाटेला जाऊ नका. ती दिसणारा आकडाच खरा करते, म्हणजे पडद्यामागचे मूळ अंक कायमचे पुसते.

एका खान्यात १०, दुसऱ्यात १०, आणि बेरीज २१. हेही तेच ना?

हे वेगळं. खान्यांत १०.४ आणि १०.४ आहेत, बेरीज २०.८. खान्याचं फॉरमॅट दशांश न दाखवण्याचं असल्यामुळे १०, १० आणि २१ दिसतात. इथे दोनचा पाया, बिट वगैरे कशाचाच दोष नाही.

जीएसटीच्या बिलात एक-दोन पैसे इकडेतिकडे होतात. नक्की कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा वस्तूची करपात्र किंमत १०७ रुपये आणि जीएसटी ५ टक्के. राज्यातल्या राज्यात विक्री, म्हणजे केंद्राचा २.५ टक्के आणि राज्याचा २.५ टक्के. एका भागाचा कर: १०७ × २.५ ÷ १०० = २.६७५ रुपये. अर्धा पैसा आला की वर न्यायचा, म्हणून तुम्ही २.६८ धरता.

संगणकात २.६७५ म्हणून जो आकडा बसतो तो आहे २.६७४९९९९९९९९९९९९८२२... हा २.६७५ च्या खाली आहे. पायथनमध्ये राउंड(२.६७५, २) केलं तर उत्तर २.६७. जावास्क्रिप्टमध्ये ठराविक दशांशांपर्यंत आकडा देणारं टू-फिक्स्ड वापरलं तरी २.६७. एक्सेलच्या शीटमधलं राउंड मात्र २.६८ देतं. आता बेरजा बघा:

२.६७ + २.६७ = ५.३४
२.६८ + २.६८ = ५.३६
१०७ चे एकदम ५ टक्के = ५.३५

तीन माणसं, तीन आकडे, आणि तिघांकडेही आपल्या बाजूने मुद्दा आहे. यातला ५.३४ मात्र बायनरीचा प्रसाद. ५.३५ आणि ५.३६ मधला फरक संगणकाने केलेला नाही; कर आधी विभागून मग राउंड करायचा की आधी राउंड करून मग विभागायचा, हा माणसांचा निर्णय आहे. तो तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे घेतला गेलाय हे शोधून काढा, म्हणजे अर्धी भांडणं मिटतील.

भरायच्या रकमेबाबत कायदा स्पष्ट आहे. केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ च्या कलम १७० प्रमाणे कर, व्याज, दंड जवळच्या रुपयात आणायचे: ५० पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे. त्यामुळे पैशापैशाचा हा घोळ बहुतेक वेळा तिथे विरून जातो. बहुतेक वेळा, कारण रक्कम अमुक रुपये ४९ पैसे आणि अमुक रुपये ५० पैसे यांच्या काठावर असेल तर एका पैशाचा एक रुपया होतो.

'१०० ने गुणा, राउंड करा, १०० ने भागा' ही युक्ती चालेल का?

२.६७५ ला चालते, १.००५ ला नाही. २.६७५ ला १०० ने गुणलं की गुणाकार करताना होणारं राउंडिंग नेमकं २६७.५ वर आणून सोडतं आणि उत्तर २.६८ मिळतं. १.००५ × १०० मात्र १००.४९९९९९९९९९९९९९ होतो आणि उत्तर १.०० राहतं. चार उदाहरणं तपासून कोणी ही युक्ती बिलिंगमध्ये घातली असेल तर ती कधी फसेल हे ग्राहकाच्या खरेदीवर अवलंबून.

पायथन २.५ चं राउंड २ आणि ३.५ चं ४ का करतं?

हे बायनरीमुळे नाही. २.५ आणि ३.५ दोन्ही आकडे नेमके बसतात. बरोबर अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जायचं, असा हा नियम आहे. त्याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. दर वेळी वरच नेलं तर हजारो आकड्यांची बेरीज हळूहळू फुगते, सम संख्येकडे नेलं तर वर-खाली साधारण सारखं होतं. एक्सेल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा: शीटमधलं राउंड अर्ध्याला वर नेतं, आणि त्याच फाइलच्या व्हीबीए (एक्सेलमधली प्रोग्रॅमिंगची भाषा) मॅक्रोमधलं राउंड सम संख्येकडे जातं.

मग पैसे ठेवायचे कशात?

फ्लोट किंवा डबलमध्ये नाही, एवढं पक्कं धरा. चांगले मार्ग दोन.

पहिला, सगळं पैशांत ठेवा, पूर्णांकात. १९ रुपये ९९ पैसे म्हणजे १९९९. ऑनलाइन पेमेंटच्या बऱ्याच सेवा रक्कम पैशांतच मागतात, त्या याच कारणाने. फक्त तिथे पाठवण्याच्या आधी १९.९९ × १०० करून दशांशामागचं कापून टाकू नका. तो गुणाकार १९९८.९९९९९९९९९९९९८ येतो आणि एक पैसा जागच्या जागी नाहीसा होतो. पूर्णांक ३२ बिटांचा असेल तर कमाल २,१४,७४,८३,६४७ पैसे, म्हणजे २ कोटी १४ लाख रुपयांच्या आसपास. मुंबईतल्या एका फ्लॅटला हे पुरत नाही. ६४ बिटांचा घ्या.

दुसरा मार्ग, दशांश प्रकार. डेटाबेसमध्ये डेसिमल किंवा न्यूमेरिक, जावामध्ये बिगडेसिमल, पायथनमध्ये डेसिमल, सी-शार्पमध्येही डेसिमल. यात एक खड्डा आहे, त्यात नवशिके हमखास पडतात: बिगडेसिमलला ०.१ हा आकडा म्हणून दिला तर तो वरचा पंचावन्न अंकी प्रकार जसाच्या तसा घेतो. अवतरण चिन्हांत, मजकूर म्हणून "०.१" द्या. आकडा एकदा बायनरीतून जाऊन आला की मग दशांश प्रकार वापरून काही उपयोग नाही.

आणि दशांश प्रकार म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध नव्हे. १०० रुपये तिघांत वाटले तर ३३.३३ तीनदा, मिळून ९९.९९. उरलेला पैसा कोणाला, हे कुठलीही भाषा ठरवणार नाही. सहसा शेवटच्या हिश्श्यात टाकतात. काहीही करा, पण ते लिहून ठेवा.

व्याज रोजच्या रोज राउंड करावं का?

नको. १,००० रुपयांवर ३ टक्के दराने एका दिवसाचं व्याज ८.२१९ पैसे होतं. रोज राउंड करून ८ पैसे धरले तर वर्षाचे २९ रुपये २० पैसे. रोज राउंड न करता शेवटी एकदाच केलं तर ३० रुपये. खात्यामागे ८० पैसे. पतसंस्थेची खाती किती आहेत त्यावरून पुढचा गुणाकार तुम्हीच करा. बचत खात्यावर रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजायचा नियम १ एप्रिल २०१० पासून आहे, म्हणून हा मुद्दा कागदी नाही. मधल्या पायऱ्यांत जास्तीचे दशांश सांभाळा, खात्यात जमा करताना राउंड करा.

एवढ्याशा फरकाने कोणाचं काही बिघडलंय का?

बिघडलंय. दोन उदाहरणं पक्की आहेत.

२५ फेब्रुवारी १९९१. आखाती युद्ध चालू होतं. सौदी अरेबियात धाहरानला अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवलं नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. त्याचे सेकंद करायला त्या संख्येला ०.१ ने गुणायचं. तोच ०.१, आणि तोही २४ बिटांत कापलेला. प्रत्येक दहाव्या भागामागे ०.०००००००९५ सेकंदाची तूट. यंत्रणा सुमारे १०० तास बंद न करता चालू होती. १०० तासांत असे ३६ लाख भाग होतात, तूट झाली सुमारे ०.३४ सेकंद. स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून जास्त वेगाने येतं, म्हणजे यंत्रणा अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर चुकवून बघत होती. जास्त वेळ चालू ठेवली की नेम ढळतो हे इस्रायलकडून आधीच कळलं होतं, दुरुस्त सॉफ्टवेअरही तयार झालं होतं. ते धाहरानला पोहोचलं दुसऱ्या दिवशी.

दुसरं उदाहरण कॅनडातलं. व्हँकुव्हर शेअर बाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १,००० वर नवा निर्देशांक सुरू केला. बाजार बरा चालला होता, पण निर्देशांक घसरतच गेला. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ वर होता. कारण: दिवसात सुमारे ३,००० वेळा निर्देशांक नव्याने काढला जायचा आणि दर वेळी तिसऱ्या दशांशानंतरचे अंक राउंड न करता नुसते कापले जायचे. कापण्यात दर वेळी सरासरी ०.०००५ जातात, दिवसाला दीडेक अंक, बावीस महिन्यांत शेकडो. दुरुस्ती केली तेव्हा आकडा निघाला १,०९८.८९२.

एरियन-५ रॉकेटचं नाव याच यादीत घ्यायची पद्धत आहे. ४ जून १९९६ ला ते फुटलं हे खरं, पण तिथे ६४ बिटांचा दशांश आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबला गेला आणि मावला नाही. तो राउंडिंगचा दोष नव्हे.

दोन दशांश आकडे समान आहेत का, हे तपासायचं कसं?

पैसे असतील तर वर सांगितल्याप्रमाणे पूर्णांकात आणा आणि खुशाल बरोबर चिन्हाने तपासा. मोजमाप असेल तर 'फरक अमुकपेक्षा कमी आहे का' असं विचारा. अमुक म्हणजे किती, हे आकड्यांच्या आकारावर ठरतं. लाखांतल्या आकड्यांना आणि लाखांशातल्या आकड्यांना एकच मोजपट्टी लावू नका. पायथनमधलं इजक्लोज फंक्शन म्हणूनच फरक आकड्याच्या प्रमाणात बघतं. मात्र शून्याशी तुलना करायची असेल तर त्याला वेगळी मर्यादा सांगावी लागते, कारण शून्याच्या प्रमाणात काहीच लहान नसतं.

तेच आकडे, तीच बेरीज, पण क्रम बदलला की उत्तर बदलतं. हे शक्य आहे?

आहे. (०.१ + ०.२) + ०.३ = ०.६००००००००००००००१, आणि ०.१ + (०.२ + ०.३) = ०.६. शाळेतला साहचर्याचा नियम इथे पाळला जात नाही. मोठ्या आकड्यांत हे जास्त जाणवतं: एकावर सोळा शून्यं असलेल्या आकड्यात १ मिळवा, तो १ दिसेनासा होतो.

ग्राफिक्स कार्डवर हजारो बेरजा एकाच वेळी चालतात आणि कोणती आधी संपेल हे दर वेळी सारखं नसतं. एआयचं मॉडेल तोच प्रश्न पुन्हा विचारल्यावर शेवटच्या अंकांत थोडं वेगळं वागतं, त्यामागचं एक कारण हेही आहे. त्यात ही मॉडेलं अनेकदा १६ बिटांचे आकडे वापरतात; बीफ्लोट-१६ प्रकारात २५६ च्या पुढचे सगळे पूर्णांकही नेमके बसत नाहीत.

लांबलचक बेरीज करायची असेल तर प्रत्येक पायरीला सांडलेला भाग वेगळा धरून पुढच्या पायरीत मिळवायची रीत आहे, आपण हातचा धरतो तशीच. काहान यांनी ती १९६५ मध्ये मांडली. दहा वेळा ०.१ मिळवलं तर पूर्वी पायथनमध्ये ०.९९९९९९९९९९९९९९९९ यायचं, आवृत्ती ३.१२ पासून तिथल्या बेरजेच्या नेहमीच्या 'सम' (sum) फंक्शनमध्येच अशी दुरुस्ती आहे आणि उत्तर १ येतं.

एक्सेलमध्ये डेबिट कार्डाचा नंबर टाकला की शेवटचा अंक शून्य होतो. का?

कार्डाचे अंक १६, एक्सेल ठेवतं १५. सोळावा गेला. खाना आधी 'टेक्स्ट' करा आणि मग नंबर टाका. आधी टाकून नंतर टेक्स्ट केलं तर गेलेला अंक परत येत नाही. ज्याची बेरीज करण्यात काही अर्थ नाही तो आकडा नव्हे, तो मजकूर. मोबाइल नंबर, आधार, खातं क्रमांक सगळे त्यातच.

जावास्क्रिप्टमध्ये हीच मर्यादा ९००७१९९२५४७४०९९२ वर येते, म्हणजे २ चा ५३ वा घात. त्यात १ मिळवला तरी तोच आकडा राहतो. ट्विटरने आपल्या एपीआयमध्ये (दुसऱ्या प्रोग्रॅमना माहिती देण्याच्या सोयीत) ट्वीटचा क्रमांक आकडा आणि मजकूर अशा दोन रूपांत द्यायला सुरुवात केली, ती याच्यामुळे.

नकाशावरची ठिकाणं ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये ठेवली तर?

पुण्याचं रेखावृत्त ७३.८५ अंशांच्या आसपास. ६४ ते १२८ या टप्प्यात फ्लोटचे दोन शेजारी आकडे ०.०००००७६ अंशांनी लांब असतात, जमिनीवर सुमारे ८० सेंटिमीटर. रिक्षा बोलावायला पुरतं, जमिनीची हद्द मोजायला नाही. डबल वापरलं तर हेच अंतर मिलिमीटरच्याही कितीतरी खाली जातं.

रिपोर्टमध्ये ग्राहकाची बाकी -०.०० दिसते. ग्राहक विचारतो, मी देणं लागतो की तुम्ही?

कोणीच नाही. आत -०.००००००००००००००००२८ सारखा काहीतरी कचरा उरलेला असतो. दोन दशांशांत छापताना अंक शून्य होतात, पण चिन्ह टिकतं. छापताना ते चिन्ह झाकणं सोपं आहे, आणि बरेच जण तेवढंच करतात. त्यापेक्षा ती बाकी कोणत्या बेरजेतून आली ते मागे जाऊन बघा. तिथे कुठेतरी रुपये डबलमध्ये ठेवलेले सापडतील.